दुखत नाही, म्हणून दात जातात

१९७० साली हाराल्ड लोए हे नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी श्रीलंकेतल्या दोन चहामळ्यांवर पोचले. मळ्यावरच्या ४८० तमिळ मजुरांची तोंडं त्यांनी तपासली. सगळे पुरुष, वयं १४ ते ३१. दात घासायची रीतच या माणसांत नव्हती आणि दातांवर उपचार म्हणून काही असतात, हेही त्यांच्या वाट्याला कधी आलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या दातांवर किटणाचे थर होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. गंमत म्हणजे किडलेले दात मात्र जवळपास कुणाचेच नव्हते. कीड बाजूला ठेवून निव्वळ हिरड्यांचा आजार माणसाच्या तोंडात कसा चालतो, हे पाहायला याहून योग्य जागा मिळाली नसती. १९८५पर्यंत ही मंडळी त्याच मजुरांकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. आजार वाढताना पंधरा वर्षं नुसतं मोजत राहण्याचा असा प्रस्ताव आज एखाद्या नीतिसमितीपुढे गेला, तर बरेच प्रश्न विचारले जातील आणि ते विचारले जायलाच हवेत. पण त्यातून जे कळलं ते दंतशास्त्राला त्याआधी ठाऊक नव्हतं.

घाण सगळ्यांच्या दातांवर सारखीच, तरी निकाल तीन तऱ्हेचे. सुमारे ८ टक्के मजुरांचा आजार भरधाव धावला. विशीतच त्यांचे दात पडायला लागले, पस्तिशीला सरासरी १२ दात गेले, चाळिशीला २० आणि पंचेचाळिशीत तोंड रिकामं. ८१ टक्के मजुरांचा आजार सावकाश सरकला. त्यांचे दात तिशीनंतर जायला लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत सातेक गेले. उरलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्ताळल्या, पण आजार तिथेच थांबला. त्यांचा या आजारापायी एकही दात गेला नाही.

आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात असे एक आजोबा असतात. त्यांनी जन्मात ब्रश हातात धरला नाही, राखुंडीनं दात घासले आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खाल्ला. हे आजोबा खोटे नाहीत. ते त्या अकरा टक्क्यांतले आहेत. आपण त्यांच्यातले आहोत की पहिल्या आठ टक्क्यांतले, हे आरशात पाहून कळत नाही, एवढाच घोटाळा आहे.

लोए यांचा याआधीचा प्रयोग याहूनही साधा होता. डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथल्या दंत महाविद्यालयात त्यांनी १२ निरोगी माणसांना, त्यांत बहुतेक पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. कुणाच्या हिरड्या दहा दिवसांत सुजल्या, कुणाच्या तीन आठवड्यांत. पण सुटला कुणीच नाही. मग ब्रश परत हातात दिले आणि आठवडाभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हिरड्यांची सूज येते ती दातावर साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे, हे त्यानं सिद्ध केलं. सूज या पायरीवर असेपर्यंत ती पूर्ण परतवता येते, हेही त्यातच सिद्ध झालं, आणि माझ्या मते रोग्याच्या दृष्टीनं तेच जास्त मोलाचं.

हा थर म्हणजे प्लाक. अन्नाचे कण चुळीनं निघून जातात, प्लाक जात नाही. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांची एक पातळ झिल्ली दातावर बसते, तिला जिवाणू चिकटतात, त्यांच्यावर दुसरे जिवाणू येतात आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट आवरण विणतात. या आवरणात औषध सहज शिरत नाही. दोन-तीन दिवस थर जागचा हलला नाही, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साठून तो कडक होऊ लागतो. तेच किटण. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे ते सर्वांत लवकर जमतं, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे फिरवून पाहा. गुळगुळीत लागण्याऐवजी खरखरीत लागलं, तर ते किटण असण्याची शक्यता मोठी आहे. किटण ब्रशानं निघत नाही. ते स्वतः फारसं विषारी नसतं, पण त्याचा खडबडीत पृष्ठभाग नव्या प्लाकला कायमचा आसरा देतो.

इथून पुढचा भाग समजून घेतला, तर सगळ्या उपचारांचा अर्थ लागतो.

दात जबड्यात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा घट्ट बसवलेला नसतो. दाताचं मूळ आणि भोवतीचं हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जागा असते आणि तीत हजारो बारीक तंतू दोन्हीकडे रुजलेले असतात. दात या तंतूंवर टांगलेला असतो; म्हणूनच चावताना तो जरासा दबतो आणि भाकरीतला खडा आपल्याला लगेच कळतो. हिरडी या सगळ्याचं वरून झाकण करते. हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये निरोगी माणसालाही एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. प्लाक त्या खाचेत उतरला, की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते आणि ब्रश लागताच रक्त येतं.

सूज रेंगाळली, की दुसरा अध्याय सुरू होतो. पांढऱ्या पेशी जिवाणूंवर जी विकरं सोडतात, ती आपल्याच तंतूंनाही विरघळवतात. सूज खोलवर पोचली, की हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाड मागे सरकतं. जिवाणूंना हाड थेट खाता येत नाही; ते आपलंच शरीर संसर्गापासून लांब पळताना मागे घेत असतं. तंतू तुटले, हाड खचलं, की तीन मिलिमीटरची खाच पाच, सात, नऊ मिलिमीटरचा कप्पा बनते. दंतवैद्य त्याला पॉकेट म्हणतात. तिथे प्राणवायू नसतो, ब्रश पोचत नाही, आणि पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू तिथे रमतात. या जिवाणूला वाढायला रक्तातलं लोहयुक्त द्रव्य लागतं. म्हणजे सुजलेली हिरडी जे रक्त गाळते, त्यावरच तिचा शत्रू पोसला जातो. सूज जिवाणूंना खाऊ घालते आणि जिवाणू सूज टिकवतात. हे चक्र एकदा हाडापर्यंत गेलं, की नुसत्या ब्रशानं तुटत नाही आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आपल्याकडे सर्रास ज्याला पायरिया म्हणतात, तो हा.

यात दुखण्याचा उल्लेख कुठे आला नाही, कारण दुखतच नाही. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार दहा-वीस वर्षं चिडीचूप चालतो. सांगतं ते फक्त रक्त, आणि त्याचाही अर्थ लोक नेमका उलटा लावतात. ब्रशामुळे हिरडी सोलवटली असं वाटून त्या बाजूला ब्रश हलका होतो, मग बंदच होतो, आणि प्लाकला मोकळं रान मिळतं.

महाराष्ट्रात तर ही एकमेव खूणही पुसून टाकणारी सवय घरोघरी आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि सकाळी बोटानं दातांना चोळायची, ही मिश्री. गावाकडच्या बायकांमध्ये ती फार रुजलेली आहे. सुरुवात ‘दात दुखतात म्हणून’ किंवा ‘तोंड साफ राहतं म्हणून’ होते, पुढे तिच्याशिवाय सकाळ उजाडत नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे तंबाखू ओढणाऱ्या माणसाच्या हिरडीतून रक्त कमी येतं, ती फिकट आणि घट्ट दिसते. आतून हाड मात्र इतरांपेक्षा वेगानं जात असतं आणि उपचारांना प्रतिसादही कमी मिळतो. विडी-सिगारेट सोडलेल्या माणसाला काही आठवड्यांनी हिरड्यांतून जास्त रक्त यायला लागतं आणि तो घाबरतो. वास्तविक त्याच्या हिरड्या तेव्हा पुन्हा बोलू लागलेल्या असतात. मिश्रीत भर पडते ती चोळण्याची. खरबरीत पूड वर्षानुवर्षं घासून दातांच्या माना झिजतात, हिरडी खाली उतरते आणि तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार राहते ती वेगळीच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी घातली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला अर्थातच कुठली बंदी लागू होत नाही.

दुसरा मोठा साथीदार मधुमेह. साखर चढलेली असली, की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, सूज लांबते, जखम उशिरा भरते. अशा माणसाचं हाड लवकर खचतं. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू यांच्या जोडीला हिरड्यांचा आजारही मधुमेहाच्या गुंतागुंतींत मोजावा, असं लोए यांनी १९९३ साली मांडलं. रस्ता दुहेरी आहे. हिरड्यांतली जुनाट सूज शरीरातल्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, साधारण ०.४नं खाली येते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. आकडा लहान वाटतो, पण साखरेची एखादी जादा गोळी साधारण एवढंच करते. मधुमेहाच्या दवाखान्यात पाय तपासतात, डोळे तपासायला पाठवतात. तोंड उघडायला मात्र क्वचितच सांगतात.

हृदयविकाराबाबत मात्र हात जरा आखडता घ्यायला हवा. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात हे खरं, पण दोघांची मुळं सारखी आहेत: तंबाखू, मधुमेह, वय. हिरड्या बऱ्या केल्यानं हृदयविकाराचा झटका टळतो असा पुरावा नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली स्पष्ट म्हटलं होतं. दात साफ करून घेण्यासाठी हृदयाची भीती घालण्याची गरजही नाही, दात पुरेसे मौल्यवान आहेत. गरोदरपणातही हिरड्यांकडे लक्ष हवं. संप्रेरकांमुळे त्या महिन्यांत हिरड्या चटकन सुजतात, कधी दोन दातांच्या मध्ये लाल गाठ उगवते. ती बहुधा बाळंतपणानंतर ओसरते. त्या काळात दात साफ करून घेणं सुरक्षित आहे, त्यामुळे ‘आता नको, बाळंतपण होऊ दे’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकू नये. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. पर्यायी औषधं असतात.

हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत दंतमुळांचे पंधरा रोग सांगितले आहेत. कारण नसताना रक्त येणारा, हिरड्या मऊ आणि दुर्गंधी करणारा शीताद त्यांत आहे, आणि पू-रक्त वाहून दात हलवणारा दंतवेष्टही. निरीक्षण इतकं नेमकं आहे, की आजच्या दंतवैद्यालाही दोन्ही अवस्था ओळखू याव्यात. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत हा आजार रक्तातल्या दोषाचा किंवा म्हातारपणाचा मानला जाई. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे जॉन रिग्ज हे दंतवैद्य त्याविरुद्ध हट्टानं उभे राहिले. १८४४ साली त्यांनी नायट्रस ऑक्साइडच्या भुलीखाली दंतवैद्य होरेस वेल्स यांची दाढ काढली होती. भुलीच्या इतिहासात त्यांचं नाव आहे ते त्यामुळे. पुढे हिरडीखाली अवजार घालून दाताचं मूळ खरवडून साफ केलं, की आजार थांबतो हे त्यांनी दाखवून दिलं, आणि अमेरिकेत या आजाराला त्यांचंच नाव पडलं. तरीही सोप्या औषधाचा मोह सुटला नाही. १९१५च्या सुमारास न्यू ऑर्लीन्सचे डॉ. चार्ल्स बास यांनी तोंडातला अमीबा हेच पायरियाचं कारण ठरवून एमेटीनची इंजेक्शनं सुचवली. ती चालली नाहीत. हेच बास म्हातारपणी ब्रशाच्या मागे लागले आणि आज जगभर शिकवली जाते ती ब्रश धरण्याची पद्धत त्यांच्या नावानं ओळखली जाते.

दंतवैद्याकडे गेल्यावर पहिली गोष्ट व्हायला हवी ती मोजणी. मिलिमीटरच्या खुणा असलेली प्रोब नावाची बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच खाली सोडतात. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी, सहाच्या पलीकडे गंभीर. जोडीला हाड किती उरलंय ते एक्स-रेवर पाहतात. ही मोजणी न करता नुसतं ‘क्लीनिंग करू’ म्हटलं गेलं, तर रोग्यानं खुशाल विचारावं, की पॉकेट किती आहे?

मग स्केलिंग. सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरणारं टोक आणि पाण्याची धार यांनी किटण फोडून काढतात. पॉकेट खोल असेल, तर भूल देऊन हिरडीखालचं मूळही साफ करतात. तोंडाचा एकेक भाग घेत हे दोन-चार बैठकांत होतं. ‘मशीननं साफ केलं की दात हलायला लागतात’ ही समजूत इतकी पक्की आहे, की त्यापायी लोक वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात. दात आधीच हललेले असतात. किटणाच्या दगडानं ते एकमेकांना चिकटून धरलेले असतात, एवढंच. दगड निघाला, सूज उतरली, की फटी दिसतात आणि काही आठवडे थंड पाणी झोंबतं. दाताचं कवच त्यात झिजत नाही. महिना-दोन महिन्यांनी बहुतेकांचे दात उलट आधीपेक्षा घट्ट लागतात, कारण सूज गेल्यावर उरलेले तंतू पुन्हा ताणले जातात.

सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. तरीही खोल पॉकेट उरले, तर फ्लॅप सर्जरी: भूल देऊन हिरडी उघडायची, मूळ डोळ्यांसमोर साफ करायचं, टाके घालायचे. हाडात अरुंद आणि खोल खड्डा पडला असेल, तर त्यात हाडाची भुकटी भरून काही हाड परत मिळवता येतं. सगळीकडे सारखं खाली गेलेलं हाड मात्र कुणी वर आणू शकत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर सावध असावं. खर्चाची भीती असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार अल्प दरात होतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जायला लागतं.

प्रतिजैविकांची गोळी एकटी काही करत नाही. तरुण वयात झपाट्यानं हाड जाणाऱ्या काही रोग्यांना ती साफसफाईच्या जोडीनं देतात. मेडिकलमधून आपल्या मनानं मेट्रोनिडाझोल आणून चार दिवस घेतल्यानं पू थांबतो, आजार थांबत नाही. क्लोरहेक्सिडिनच्या चुळा दोनेक आठवड्यांपुरत्या उपयोगी आहेत, नंतर दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते. मिठाच्या गरम पाण्यानं बरं वाटतं, लवंगेच्या तेलानं ठणका बसतो. किटण यांतल्या कशानंही सुटत नाही. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीला मी नावं ठेवणार नाही. नीट कुंचला करून वापरली तर पुढचे दात ती चांगले साफ करते. दाढांच्या आतल्या बाजूला ती वळत नाही, आणि आजार बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

म्हणून खरं औषध रोग्याच्या हातात राहतं. मऊ ब्रश, त्याचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके, ४५ अंशांत टेकवलेले, आणि जागच्या जागी बारीक थरथर. जोरात आडवं घासणं भांडी घासायला ठीक. दोन दातांमधल्या फटीत ब्रश जात नाही. तिथे फ्लॉस लागतो किंवा फट मोठी असेल, तर छोट्या कुंचल्यासारखा इंटरडेंटल ब्रश. जेवणानंतर साडीची पिन किंवा टाचणी फटीत घालायची सवय तेवढी सोडावी. हे रोज सुरू केल्यावर पहिला आठवडाभर रक्त जास्त येईल. येऊ द्यावं. ऑरहूसच्या विद्यार्थ्यांचं आठवड्यात थांबलं. जुनी सूज असेल तर थोडं जास्त लागेल. दोन-तीन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, तर किटण आत आहे असं समजून दवाखान्यात जावं. ज्यांचा आजार हाडापर्यंत गेलेला आहे, त्यांनी सहा महिन्यांऐवजी दर तीन-चार महिन्यांनी साफ करून घ्यावं लागतं, कारण खोल जागेतले जिवाणू तेवढ्या वेळात पुन्हा वस्ती करतात.

हल्ली एक नवा विचार ऐकू येतो: कटकट कशाला, सगळे काढून टाका आणि इम्प्लांट बसवा. टायटॅनियमचा खांब किडत नाही हे खरं. पण त्याच्याभोवतीही हिरडी असते, तिच्यातही प्लाक उतरतो आणि तिथेही हाड खचतं. शिवाय दाताभोवती असते ती तंतूंची गादी इम्प्लांटला नसते, तो हाडाला थेट चिकटलेला असतो. त्यामुळे सूज हाडापर्यंत लवकर पोचते आणि तिथले उपचार नैसर्गिक दातापेक्षा अवघड जातात. पायरियानं दात गेलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून चांगला दंतवैद्य इम्प्लांटची तारीख देण्याआधी उरलेल्या दातांच्या हिरड्या बऱ्या करतो, आणि तुम्ही ब्रश कसा धरता ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.